पांढरी फुली

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकलात असं मी म्हणत नाही. चुकलेल्या माणसाला मी हात देऊन उठवीन. पण खरं काय ते तुम्हाला कळलं होतं, माझ्याच तोंडून कळलं होतं, आणि कळल्यावर तुम्ही कागदी रुमालानं ओठ पुसले आणि खोटं छापायला दिलंत. तुमच्या संस्थेचं नाव मी इथं घालत नाही, तुमचंही नाही. तुम्हाला वाचता येतं, तेवढं पुरे.

त्या दिवशी तुमच्या तळघरातल्या बोळात फिनेलचा वास होता आणि गारठा असा, की भर उन्हाळ्यात माझे दात वाजत होते. दस्तगीरभाई मुलाणी भिंतीला टेकून उभा होता. तुमच्याकडची ती शिकाऊ डॉक्टरीण, केतकी, त्याच्यापुढं प्लॅस्टिकचा ट्रे धरून उभी होती.

"काका, धातूचं जे जे अंगावर असेल ते यात ठेवा. आत फार मोठं चुंबक आहे."

अंगठी गेली. कमरेचा पट्टा गेला. दंडावरचा चांदीचा ताईत सोडताना भाईनं तो डोळ्यांना लावला. मग केतकीनं त्याच्या फेट्याकडं बोट केलं. फेट्यावर जरीचा तुरा होता.

"हे पण."

"फेटा कापडाचा हाय, बाई."

"तुऱ्यात तार आहे, काका."

भाईचा हात तुऱ्यावर गेला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, तोंड फिरव."

केतकीला काही उमगेना. ती माझ्याकडं बघायला लागली. मी मुकाट्यानं भिंतीकडं तोंड केलं.

तिला नंतर सांगितलं, तेच तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कधी विचारलंच नाही. आमचं गाणं भेदिकाचं. एका अंगाला कलगीवाले, ते शक्तीला थोर म्हणतात. दुसऱ्या अंगाला तुरेवाले, ते शिवाला. डफ आणि तुणतुणं घेऊन समोरासमोर ठाकायचं. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातूनच ते उकलायचं. मी हौसाबाई खिलारे, कलगीची. भाई तुऱ्याचा. जातीनं मुलाणी, आणि शिवाचा कैवार असा घ्यायचा की देवळातला गुरवसुद्धा तोंडात बोट घालायचा. आमचं निम्मं आयुष्य गावोगावच्या जत्रांतून एकमेकांची अब्रू काढण्यात गेलेलं. मंडपाबाहेर तो मला भावापेक्षा जवळ होता.

तर रीत अशी, की सवाल अंगावर असेपर्यंत विचारणाऱ्याच्या डोळ्यादेखत तुरा उतरवायचा नाही. उतरवला म्हणजे हरला. आणि माझा एक सवाल तेव्हा त्याच्या अंगावर होता, आदल्या उरुसातला. जागेवर त्याला जवाब सुचला नव्हता. असं झालं की पुढच्या उरुसापर्यंत मुदत मिळते. तोवरही जवाब आला नाही, तर डफ पालथा घालून विचारणाऱ्याच्या हवाली करायचा आणि त्या गावात परत म्हणून उभं राहायचं नाही. ते गाव भाईचं स्वतःचं होतं. उरूस तोंडावर आला होता.

"वळू का?" मी भिंतीला विचारलं.

"थांब गं. ह्या झग्याला मागनं बटनंच न्हाईत. कुणी शिवलाय ह्यो? शिंप्याला फुडचं तेवढं पैसं दिल्तं का काय?"

केतकी हसली. मीही हसले. भिंतीवर मेंदूचं एक रंगीत चित्र होतं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. हसता हसता मी त्याच्याकडं बघत राहिले.

मीही मशीनमध्ये जाणार होते, तुम्ही दोघांनाही बोलावलं होतं. पण मागं पडले तेव्हा माझ्या मनगटात बसवलेली धातूची पट्टी होती. "मग तुम्ही बाद, मावशी," असं तुमच्या माणसानं मला फाटकातच सांगितलं. म्हणून मी काचेच्या अलीकडं बसले, आणि म्हणून मी सगळं पाहिलं. बाद केलेल्या माणसाला बाहेर घालवायचं असतं, साहेब. तेवढं तुमच्याकडून राहिलं.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात सँडविच होतं. "हा आपला फोक सब्जेक्ट ना?" असं केतकीला विचारलंत आणि मग भाईकडं वळून गोड आवाज काढलात. "शाहीर, तुमची प्रतिभा आज आपण डोळ्यांनी बघणार."

भाई फुलला. तो फुलायचाच. गर्व त्याला लहानपणापासून होता आणि तो त्याला शोभायचाही.

"बघा, साहेब, बघा. आमच्यात काही लोकं हायती, ती म्हणत्यात दस्तगीर उस्तादाचं पाठ केल्यालं वकतोय. जागच्या जागी बांधतोय ते खोटं म्हणत्यात. एकदा तुमच्या मशीननं ह्येंच्या नरड्यात खुट्टी मारा."

"अगदी. विज्ञान पक्षपात करत नाही," तुम्ही म्हणालात.

मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. मनातल्या मनात मी त्याला टाळी दिली होती.

मग तुम्ही त्याला समजावलंत. आत डोळ्यांपुढं आरसा असेल, त्यात खुणा दिसतील. निळा गोल आला की पाठ असलेलं गाणं म्हणायचं. हिरवा गोल आला की कानात एक शब्द ऐकू येईल, त्यावर नवं गाणं रचायचं. पांढरी फुली आली की विश्रांती, काहीही करायचं नाही.

"म्हनायचं म्हंजे मोठ्यानं?"

"नाही, नाही. मनातल्या मनात. डोकं हलता कामा नये. ओठसुद्धा नको."

"आन् हात?"

"हात बाजूला, सरळ."

भाईनं हातांकडं पाहिलं. "डफ?"

तुम्ही हसलात. "डफाचं काय काम, शाहीर? आपल्याला मेंदू बघायचाय."

"आन् सवाल कोन करनार?"

"शब्द येईल ना कानात."

"शब्द न्हवं, साहेब. सवाल."

तुम्ही घड्याळ पाहिलंत. मी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "साहेब, त्याच्या कानात बोलायचा माईक इथंच आहे ना? मी घालते की सवाल. माझ्याशिवाय त्याला पेटवणार कोण?"

"मावशी, असं नाही चालत. सगळ्यांना तेच शब्द द्यावे लागतात, तेच रेकॉर्डिंग. तुम्ही बोललात तर डेटा खराब होईल." आणि तुम्ही केतकीला इंग्रजीत काहीतरी म्हणालात, ज्यावर ती हसली नाही.

भाईला त्या फळीवर आडवं केलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम ठासला, तोंडावर पिंजरा लावला. माझ्यासमोर उभा राहिला की हा माणूस जागेवर कधी थांबायचा नाही. एक पाय पुढं, फेटा मागं, डफ कानाशी, आणि डोळे माझ्या डोळ्यांत. गाणं सुचण्याआधी तो माझ्यावर दोन पावलं चालून यायचा. तोच माणूस मयतासारखा सरळ पडला आणि फळी त्याला घेऊन त्या पांढऱ्या भोकात गेली. काचेतून मला फक्त तळपाय दिसत होते. टाचांना भेगा होत्या.

मग ते मशीन सुरू झालं. देवा रे, काय तो आवाज! ठक ठक ठक ठक, मग मोठी घरघर, मग धाड धाड धाड. जनावर कापायच्या दुकानात मी लहानपणी बसलेली आहे, तिथंही एवढा आवाज नसतो.

"याच्यात त्याला सुचायचं कसं?" मी केतकीला विचारलं.

"कानात बोळे आहेत, मावशी," ती म्हणाली, पण तिलाही ते पटलेलं दिसलं नाही.

तिच्या पडद्यावर भाईच्या मेंदूचे काप उमटत होते, काळे-करडे. मी विचारलं, "ह्यात भाई कुठं आहे?"

ती चांगली मुलगी होती. तुमच्यासारखी तिनं मला कटवली नाही. म्हणाली, "सरळ सांगते. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तिकडं रक्त जास्त धावतं. मशीनला ते रक्त कळतं. काम कसलं चाललंय, चांगलं की वाईट, ते नाही कळत."

"म्हणजे घरातनं धूर निघालेला दिसतो. आत भाकरी भाजतात का पुरण शिजतंय, ते नाही."

"हो, तसंच. आणि धूर तर कायमच निघत असतो. माणूस नुसता पडून असला तरी मेंदू थंड नसतो. म्हणून आम्ही वजाबाकी करतो. हिरव्या गोलाच्या वेळचं चित्र घ्यायचं आणि त्यातनं पांढऱ्या फुलीचं वजा करायचं. विश्रांतीचा धूर गेला की उरतो तो निर्मितीचा. तो मग लाल-पिवळा करून दाखवायचा."

"आणि फुलीच्या वेळी माणूस विश्रांती घेतोच, हे कशावरून?"

"आम्ही तसं सांगितलेलं असतं," ती म्हणाली.

मागं तुम्ही खुर्चीत रेललेले होतात. सँडविचमधला सॉस तुमच्या अंगठ्याला लागला होता, तो तुम्ही चाटलात. "सब्जेक्ट झोपला नाही ना? ही मंडळी झोपतात," तुम्ही म्हणालात. माझ्यापुढं म्हणालात. मी तिथं नव्हतेच तुमच्या लेखी.

भाई बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. त्या गारठ्यात. पिंजऱ्याचे वळ कपाळावर उठले होते आणि केस चप्प बसले होते. तो पाय खाली सोडून उठायला गेला, तसा झगा मागून उघडा पडला. तुमच्या दोन माणसांनी तोंडं फिरवून हसू दाबलं. मी माझी शाल केतकीच्या हातात दिली. तिनं ती धावत जाऊन त्याच्या पाठीवर टाकली. आणि मी, रीतीप्रमाणं, फेटा बांधून होईपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

"बघ आता," तो म्हणाला. वळले, तर तुरा जागेवर होता आणि भाईचे डोळे लकलकत होते. ते डोळे मी ओळखते. मंडपात ते तसे दिसले की मी मागं सूर धरणाऱ्या माझ्या झीलकऱ्यांना खुणावायचे, सांभाळा, आला.

तुमच्या कँटीनमध्ये त्यानं चहा मागवला. मी विचारलं, "काय रे, कसं होतं आत?"

"थडग्यात पन एवढं आवळत नसतील, अक्का. पर त्ये मशीन... त्ये मशीन लई तालाचं हाय." त्यानं टेबलाच्या पत्र्यावर बोटं आपटली. ठक ठक ठक ठक, धाड धाड, ठक. "आयकलंस? मधी मधी येक ठोका खातंय. आपला जुना सखाराम झीलकरी खायचा, तसा. मला म्हटलं सख्या आला का काय भेटायला."

"भाई, चहा सांडतोय."

"सांडू दे. जवाब घावला."

माझा पेला हातातच राहिला.

माझा सवाल काय होता, तो आधी वाचा, साहेब. उरुसात भर गर्दीत त्याच्या डफाकडं बोट करून मी घातला होता:

थाप पडायच्या आधी, तुरेवाल्या, नाद होता कुठं?
जन्माआधी त्याचं बिऱ्हाड कोन्या गावी सुटं?
कातड्यात म्हणशील, तर बोकड मुका मेला,
बोटात म्हणशील, तर बोटाला कंठ कुणी दिला?

त्या पत्र्यावर मशीनचाच ताल धरून भाई खालच्या आवाजात म्हणाला:

कातडं मुकं, बोट मुकं, मुकं लाकडाचं कडं,
एकल्याच्या घरात, हौसा, नाद कधी ना सापडं...

आणि थांबला. टेबलावर हात पसरून हसला.

"फुडं?" मी म्हणाले.

"फुडं उरुसात. फुकट ऐकतीस व्हय? वरीसभर माझी झोप खाल्लीस."

मला सांगायला लाज नाही, माझ्या अंगावर काटा आला होता. हरायची वेळ आली की येतो तसला. "चोरा," मी म्हणाले, "साहेबानं नदी का काय शब्द दिला, आणि तू माझा जवाब बांधत बसलास? हिरव्या गोलावर?"

"हिरव्यावर? हॅट!" त्यानं बशी तोंडाला लावली. "हिरव्यावर मी गन म्हनत हुतो. उस्तादाचा, पाठ केल्याला. निळ्यावर बी त्योच. कानात बया म्हनती 'नदी'. आता नदीनं मला काय इचारलंय? तिचं माझं भांडान हाय व्हय? म्हटलं, हिरवा येऊ दे का निळा, देवाचं नाव घिऊन वेळ काढू."

"मग जवाब कधी बांधलास?"

"फुली आली का. त्यांनी सांगितलं, आता कायबी करू नका. तेवढीच येक जागा माझी हुती, अक्का. फुली आली का डोळं मिटायचो आन् तू म्होरं हुबी. कंबरंवर हात, आन् त्ये नाक वर करून बघतीस तशी. मग मशीन वाजतंय आन् मी तुझ्यावर चालून जातोय. फुली गेली का परत गन." तो हसला. "मजा आली. त्या साहेबाला म्हनावं, फुल्या जरा जास्ती ठेवा."

त्याला त्यातलं काही कळलेलं नव्हतं. मला कळलं, कारण मी वजाबाकी ऐकून आले होते.

मी धावत वर आले. तुमच्या केबिनमध्ये तुम्ही आणि केतकी होतात. आपलं बोलणं तुम्ही विसरला असाल, मी नाही.

"साहेब, घोळ झालाय. भाईनं फुलीच्या वेळी गाणं बांधलं. हिरव्या गोलाला पाठच म्हणत होता. तुम्ही आता वजाबाकी कराल, तर जे बांधलं तेच वजा होईल."

केतकीचा हात तोंडाशी गेला. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. काढलंत. लावलंत.

"मावशी, सूचना स्पष्ट होत्या."

"होत्या की. पण त्याचं गाणं सूचनेनं येत नाही. म्हणून तर मी माईक मागत होते."

"सर," केतकी म्हणाली, "ते बरोबर सांगतायत. हा स्कॅन वापरता येणार नाही. पुन्हा घेऊ, नाहीतर वगळू."

"भाषण पुढच्या आठवड्यात आहे, केतकी. स्लाइड तयार आहे." मग माझ्याकडं वळून, परत त्याच गोड आवाजात, "हे बघा, माणूस नंतर काहीही सांगतो. आपल्याला मशीन काय सांगतं ते बघायचं असतं."

"मशीन काही सांगतच नाही, ही पोरगीच म्हणाली. नुसता धूर दाखवतं."

"चहा घेतलात का तुम्ही?" कागदी रुमालानं ओठ पुसत तुम्ही म्हणालात.

यावर माणसानं काय बोलावं? मी चहा घेतला होता. मी तसं सांगितलं आणि खाली आले. भाईला काही बोलले नाही. म्हटलं, मोठी शिकलेली माणसं आहेत, रात्र गेली की विचार करतील. तुमच्यावर माझा अजून तेवढा विश्वास होता.

पुढं काय झालं ते तुम्हाला तुमच्या बाजूनं माहीत आहे. टाळ्या, हार, पेपरात फोटो. आमच्या बाजूनं असं झालं, की उरुसाच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर तो फोटो आला. दोन मेंदू शेजारी शेजारी. एक तुमच्याकडच्या पियानो शिकलेल्या कुण्या विद्यार्थ्याचा, लाल-पिवळा, होळी पेटल्यासारखा. दुसरा करडा, ओल्या राखेच्या गोळ्यासारखा, आणि त्याखाली 'शाहीर दस्तगीर मुलाणी'. नाव घातलंत. त्या विद्यार्थ्याचं नाव नव्हतं, भाईचं होतं. वर ठळक अक्षरांत, 'लोकशाहिरांचं शीघ्रकवित्व म्हणजे पाठांतरच: मेंदूच्या चित्रणातून उलगडा'. कोपऱ्यात तुमचा फोटो, आणि त्याच्यापलीकडं भाईचा. त्या झग्यातला. बोडक्या डोक्याचा.

ज्या डोक्यावरचा तुरा त्यानं मलासुद्धा उतरताना पाहू दिला नाही, ते तुम्ही उघडं करून साऱ्या जगाला दाखवलंत. ते पाहून परसात जाऊन मी ओकले.

उरुसात आमचा कार्यक्रम दुपारी असतो, कुस्त्यांच्या आधी. मंडप गच्च होता. भाई आला. धुतलेला फेटा, तुरा, नव्यानं शेकलेला डफ. तो माझ्याकडं पाहून नेहमीसारखा हसला नाही. मी रीतीप्रमाणं सवाल परत घातला. त्यानं डफ कानाशी नेला, एक पाऊल पुढं टाकलं, दुसरं टाकलं, आणि सुरू केलं. पहिल्या दोन ओळी मला ठाऊक होत्या. मग तो अगदी माझ्यापुढं आला, थापेचा हात वर नेला आणि हवेतच धरून ठेवला. मंडप चिडीचूप. त्या शांततेत, न वाजवता, तो म्हणाला:

हात उचलला, खाली आला, मधी जो वारा राहिला,
त्या बोटभर वाऱ्यात, हौसा, मी नाद उभा पाहिला.

आणि मग थाप मारली.

साहेब, मी कलगीची आहे. शिवापेक्षा शक्ती थोर, हे सांगण्यात माझा जन्म गेला. त्या दोन ओळींनी त्यानं शिव आणि शक्ती दोघांनाही एका बोटाच्या अंतरात आणून उभं केलं आणि भांडणच मिटवून टाकलं. मी माझा डफ खाली ठेवायला वाकले. म्हणजे मी हरले. गर्दीला ते कळायला हवं होतं. आजवर कळत आलं होतं.

"पाठ करून आलाय रं!" मागून एक पोरगा ओरडला.

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "शाहीर, डोक्यात राख हाय म्हनं तुमच्या!" पुढं बसलेल्या पंचांतल्या एकानं मोबाइल वर करून तो फोटो शेजारच्याला दाखवला. जुनी माणसं खाली बघायला लागली. कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायची की नाही, तेच त्यांना कळेना.

मी माईक ओढला. "अरे गाढवांनो, सवाल माझा आहे! जवाब बसला का नाही, हे मी सांगणार. बसला! मी हरले!"

"अक्का, राहू दे," भाई म्हणाला.

"काय राहू दे? भाई, जवाब बसलाय."

"तू म्हनून काय हुतंय? ह्यांला आता मशीनला इचारून टाळी वाजवायची हाय."

तो वाकला आणि त्यानं डफ पालथा घातला. माझ्या पायांपुढं. जिंकलेल्या माणसानं डफ पालथा घातलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी तो उचलून उजवा केला. त्यानं परत पालथा केला. मग त्यानं फेट्याला हात घातला. मी वाट बघत राहिले की आता म्हणेल, अक्का, तोंड फिरव. तो म्हणाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर, साऱ्या गावासमोर, त्यानं तुरा काढला, डफावर ठेवला, आणि बाजूच्या कनातीतून निघून गेला.

त्यानंतर तो भावाच्या मटणाच्या दुकानात तराजूशी बसायचा. मी जायचे, बसायचे, खोडी काढायचे. "भाई, जरा थाप तरी." नुसती मान हलवायचा. टेबलावर बोटंसुद्धा वाजवायचा नाही. एकदाच म्हणाला, "अक्का, खरंच राख आसंल का गं?" असाच झुरून तो वारला. केतकीचा मला फोन आला होता, तिनं तुमची नोकरी सोडल्यावर. 'सब्जेक्टनं सूचना पाळल्या नाहीत, निष्कर्ष काढू नये,' असं तिनं लिहून दिलं होतं आणि तुम्ही ते वाक्य काढून टाकलंत, असं रडत सांगत होती. मी तिला म्हणाले, पोरी, तू का रडतेस?

मी चौथी शिकलेली बाई. हे लिहायला मला फार दिवस लागले, कारण लिहिताना मध्येच उठावं लागायचं. तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

तुमच्या मशीनवर माझा राग नाही. त्याला फुलीखालचा माणूस दिसत नाही, ते आंधळं आहे, त्याला क्षमा. तुम्हाला दिसत होतं. म्हणून सवाल तुम्हाला आहे, आमच्या रीतीनं, समोरासमोर. तुम्ही म्हणालात, पाठांतर. बरं. माझा सवाल एका वर्षाचा होता, आणि तो माझा मी बांधला होता. त्या जवाबात माझं नाव आहे. उस्ताद तर माझा सवाल जन्माला यायच्या कितीतरी आधी मातीत गेला. मग भाईनं पाठ केलं ते कुणाचं? तुमच्या फळीवर तो आडवा पडला, त्याच्या आदल्या दिवशी तो जवाब कुठं होता? कोणाच्या तोंडात, कोणत्या गावात, मेंदूच्या कोणत्या कापात?

भाईचा डफ माझ्याकडं आहे. पालथा. त्यावर तुरा आहे. तो मी उजवा करीन, पण आधी तुम्ही तोंड उघडा.

बोला, साहेब. कुठं होता?